तयार होणारी कॉन्फिग फाईल प्रत्येक गावात वेगळी हवी: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने कसं जमवता?

किटली_राजारामपुरी (सोमवार, रात्री ९:४०)

मंडळी, नमस्कार. राजारामपुरीत आमचं चार जणांचं ऑफिस आहे, दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. काट्यावरून वजन, मशीनवरून फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि दुधातले बाकीचे घन पदार्थ), आणि लगेच उत्पादकाच्या हातात पावती. चाळीसेक गावांत चालतं. प्रत्येक संस्थेत एक छोटा पीसी, त्यावर लिनक्स आणि डॉकर कंपोज, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवायची सोय. आत आमचं ॲप, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर.

इन्स्टॉल करताना आमची स्क्रिप्ट सगळ्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाईली तयार करते. पण प्रत्येक गावाचा काटा वेगळा, प्रिंटर वेगळा, संस्थेचं नाव-पत्ता वेगळा. मग आमचा माणूस जागेवर जाऊन तयार झालेली फाईल हाताने दुरुस्त करतो. पुढचा अपडेट आला की स्क्रिप्ट फाईल नव्याने लिहिते आणि त्याचं सगळं काम पुसलं जातं.

गेल्या आठवड्यात भुदरगड तालुक्यातल्या एका गावात हेच झालं. तिथला काटा जुना, २४०० बॉडवर (डेटा पाठवायच्या वेगावर) बोलणारा. रात्री अपडेट गेला आणि फाईलीत परत ९६०० आलं. पहाटे पावणेसहाला सचिवांचा फोन: "साहेब, पावतीवर वजनाच्या जागी नुसत्या रेघोट्या उमटायल्यात." बाहेर पावसात किटल्या घेऊन रांग. सचिवांनी आठ वाजेपर्यंत वही काढून हाताने वजनं लिहिली. मला दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

तयार झालेल्या फाईलीला हात न लावता, गावागावातला फरक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या नाव-किंमत जोड्यांत) ठेवायचा आणि फाईल बनताना तो आत यायचा, असं करायचं ठरवलंय. आता स्क्रिप्टमध्ये सेडने (मजकूर शोधून बदलणाऱ्या कमांडने) बदल करू, की टेम्प्लेट (रिकाम्या जागा सोडलेला नमुना) ठेवू? आणि एखादा व्हेरिएबल भरायचाच राहिला तर काय करायचं?

गंगावेस_११ (सोमवार, रात्री १०:०५)

सेड नको. मी दोन वर्षं केलंय. एका क्लायंटने पासवर्डमध्ये अँडचं चिन्ह ठेवलं. सेडच्या बदलीच्या भागात त्या चिन्हाचा अर्थ "जे सापडलं ते सगळं परत इथं टाक" असा होतो. डेटाबेसला भलताच पासवर्ड गेला आणि मी अर्धा दिवस नेटवर्क तपासत बसलो. पासवर्डमध्ये तिरकी रेघ आली तर सेड निदान जागेवर ओरडतं तरी.

एन्व्हसब्स्ट वापर. गेटटेक्स्ट पॅकेजबरोबर येतं. टेम्प्लेटमध्ये डॉलर आणि महिरपी कंसात नाव लिहायचं, ते त्या जागी किंमत भरतं. बाकी काही करत नाही, म्हणून मला आवडतं.

सर्व्हरवाली (सोमवार, रात्री १०:३१)

गंगावेस बरोबर सांगतायत, पण किटलीदादा, एनजिनएक्सच्या फाईलीवर एन्व्हसब्स्ट नुसतं चालवू नका. एनजिनएक्सचे स्वतःचे व्हेरिएबलही डॉलरनेच सुरू होतात: होस्ट, यूआरआय, रिमोट ॲड्रेस. एन्व्हसब्स्टला ते आपलेच वाटतात. एन्व्हायर्नमेंटमध्ये त्या नावाचं काही नसतं, मग तिथं रिकामी जागा सोडून ते पुढं जातं. एररही नाही. माझ्याकडे मागच्या सर्व्हरला होस्ट हेडर रिकामा जात होता आणि लॉगिन झाल्यावर लोक भलत्याच पत्त्यावर फेकले जात होते.

उपाय दोन. एक, एन्व्हसब्स्टला नावांची यादी द्या, म्हणजे तेवढीच नावं बदलतात. दोन, एनजिनएक्सच्या अधिकृत इमेजमध्ये १.१९ पासून ही सोय आहेच. टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये फाईल ठेवायची, नावाच्या शेवटी टेम्प्लेट हे एक्स्टेन्शन द्यायचं. कंटेनर सुरू होताना ती फाईल भरून कॉन्फ-डी फोल्डरमध्ये जाते. एन्व्हायर्नमेंटमध्ये जी नावं खरंच आहेत तेवढीच ती बदलते, त्यामुळे होस्ट वगैरे शाबूत राहतात. आमच्या सगळ्या नावांना मी एकच उपसर्ग लावते आणि इमेजच्या फिल्टरमध्ये तो देऊन ठेवते.

पांढरारस्सा (सोमवार, रात्री १०:४४)

आणि एन्व्हसब्स्टचं आउटपुट त्याच फाईलीवर वळवू नकोस भावा. शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) आधी फाईल रिकामी करतं, मग एन्व्हसब्स्ट ती वाचायला जातं. शून्य बाइटची फाईल मी डोळ्यांनी बघितली आहे.

शिरोली_एमआयडीसी (मंगळवार, सकाळी ७:१५)

माझं मत वेगळं आहे. वीस वर्षं फौंड्रीतलं सॉफ्टवेअर सांभाळतोय. एन्व्हायर्नमेंट डोळ्यांना दिसत नाही, हा तिचा मोठा दोष. फाईल उघडून वाचता येते. चालू प्रोसेसच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये काय आहे ते बघायला प्रॉक फोल्डरमध्ये शिरावं लागतं, आणि प्रोसेस दुसऱ्या युजरची असेल तर रूट (सर्वाधिकारी युजर) होऊन.

आमचा रात्रीचा रिपोर्ट टर्मिनलवर चालायचा आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीतून) चालायचा नाही. कारण एवढंच: मी व्हेरिएबल बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाईलीत) एक्स्पोर्ट केले होते आणि क्रॉन ती फाईल वाचतच नाही. त्याचा पाथसुद्धा (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) यूएसआर-बिन आणि बिन एवढाच असतो. हे कळायला मला चार रात्री लागल्या.

सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्राम, कसं करतं बघा. मूळ युनिट फाईल पॅकेजची, अपडेटला बदलते. आपला बदल सिस्टमसीटीएल एडिट करून वेगळ्या ओव्हरराइड फाईलीत. दोन्ही वाचल्या जातात, आपली नंतर, म्हणून आपलं टिकतं. तुम्हीही दोन फाईली करा: एक तयार होणारी, एक स्थानिक. ॲपने स्थानिक नंतर वाचावी. संपलं.

किटली_राजारामपुरी (मंगळवार, सकाळी ९:२०)

शिरोलीदादा, आमच्या ॲपपुरतं तुमचं पटतं. पण पोस्टग्रेस आणि एनजिनएक्स आमच्या स्थानिक फाईलीला ओळखत नाहीत, आणि मला प्रत्येक गावात एकच जागा हवी आहे जिथं माणूस बदल करेल. संस्थेचं नाव पावतीवर पण येतं, वेब पानावर पण. दोन ठिकाणी लिहायला लावलं की एक ठिकाण विसरलं जातं.

उत्तरेश्वर_पेठ (मंगळवार, सकाळी १०:०२)

टेम्प्लेट यामल फाईलीचा (यामल ही नावं-किमती लिहायची एक पद्धत) असेल तर आमच्या ०२३१ ची गोष्ट ऐका.

एका पतसंस्थेच्या पावतीवर वर फोन नंबर छापायचा होता. एसटीडी कोड वेगळ्या व्हेरिएबलमध्ये होता. एन्व्ह फाईलीत ०२३१ लिहिलं, टेम्प्लेटमधून यामल फाईल बनली, उघडून बघितली तर ०२३१ व्यवस्थित. पावती छापली आणि कोल्हापूरचा कोड आला १५३! दोन बंडलं छापून झाल्यावर काउंटरवरच्या मॅडमनी पकडलं.

यामल १.१ च्या नियमाप्रमाणे शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा धरतात. दोन गुणिले चौसष्ट, अधिक तीन गुणिले आठ, अधिक एक. करा बेरीज, १५३ येते. पायथॉनची पायवायएएमएल लायब्ररी आजही हाच नियम पाळते. यामल १.२ पाळणारी लायब्ररी असेल तर २३१ मिळतं, म्हणजे तिथंही शून्य गेलंच.

एन्व्हायर्नमेंटमध्ये सगळं नुसती अक्षरं असतात. ती आकडा आहेत की मजकूर, हे फाईल वाचणारा ठरवतो. म्हणून टेम्प्लेटमध्ये त्या जागेभोवती अवतरण चिन्ह टाकायचं. ऑन, ऑफ, येस, नो हे शब्दही १.१ मध्ये हो-नाही होऊन जातात, त्यांनाही तेच.

पांढरारस्सा (मंगळवार, सकाळी १०:२०)

मग आमच्याकडे आरटीओ कोड नुसता ०९ असा ठेवलाय अवतरणाशिवाय, तो कसा काय शाबूत राहिला? तीन वर्षं बरोबर छापतोय.

उत्तरेश्वर_पेठ (मंगळवार, सकाळी १०:३३)

अष्टमानात ० ते ७ एवढेच अंक. ९ दिसला की तो आकडा नव्हे म्हणून मजकूर धरला जातो. सिंधुदुर्गचा ०७ टाकून बघा, नुसता ७ होईल. कोल्हापूरचा ०९ आहे म्हणून वाचलाय, आजच अवतरण टाका.

पांढरारस्सा (मंगळवार, सकाळी १०:३५)

टाकलं. लई उपकार झाले दादा.

माळावरची_शाळा (मंगळवार, दुपारी १:१०)

जरा विषय सोडून. ०२३१ वाचून बरं वाटलं. आमच्या गल्लीत एकाच घरी लँडलाइन होता, आणि पुण्याहून भावाचा फोन आला की त्या घरची काकू गॅलरीतून हाक मारायची. आता घरोघरी मोबाईल, तो कोड कुणाला पाठ नाही. संस्थेच्या पावतीवर तरी तो बरोबर छापला जावा असं मनापासून वाटतं.

कुंभारगल्ली (मंगळवार, दुपारी ३:४८)

किटलीदादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर लिहितोय, व्हेरिएबल भरायचा राहिला तर काय. मला हा प्रश्न फार महाग पडला आहे.

शाहूपुरीत आमच्या गल्लीत २०१९ ला पंचगंगेचं पाणी आलं होतं. त्यानंतर मी गल्लीपुरती एक छोटी स्क्रिप्ट केली. राजाराम बंधाऱ्याची पातळी त्यात भरायची, आणि ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, त्याप्रमाणे साठ-सत्तर घरांना मेसेज जायचा. हे दोन आकडे एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवले होते.

एका पावसाळ्यात सर्व्हर बदलला. नव्या एन्व्ह फाईलीत धोक्याच्या व्हेरिएबलचं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं. स्क्रिप्टच्या दृष्टीने तो व्हेरिएबल रिकामा. बॅशमध्ये दुहेरी चौकटी कंसात आकड्यांची तुलना केली की रिकाम्या मजकुराची किंमत शून्य धरली जाते. पातळी होती तीस फूट. तीस शून्यापेक्षा मोठेच. रात्री दोन वाजता सगळ्यांना मेसेज गेला: धोका पातळी ओलांडली.

मी झोपेत होतो. पलीकडच्या घरातले आजोबा, वय पंच्याहत्तरच्या पुढे, एकटे राहतात. फोन वाजल्यावर मी खाली धावलो तेव्हा त्यांनी कपाटातले कपडे, देव्हारा आणि आजींचा फोटो जिन्यावरून वर नेऊन ठेवला होता. हात थरथरत होते. मी त्यांच्या पाया पडलो. ते एवढंच म्हणाले, "पाणी आलं नाही ना, मग झालं."

तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर, जे व्हेरिएबल असलेच पाहिजेत त्यांची तपासणी असते. बॅशमध्ये नावापुढे अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह टाकून संदेश लिहिला की व्हेरिएबल नसेल किंवा रिकामा असेल तर स्क्रिप्ट तिथंच थांबते आणि तो संदेश दाखवते. एन्व्हसब्स्टला हे जमत नाही. डिफॉल्ट किंमतही त्याला कळत नाही. म्हणून तपासणी आधी, एन्व्हसब्स्ट नंतर.

सर्व्हरवाली (मंगळवार, दुपारी ४:१५)

कुंभारगल्ली, वाचून अंगावर काटा आला. आजोबा बरे आहेत ना आता?

कुंभारगल्ली (मंगळवार, दुपारी ४:२२)

ठणठणीत आहेत ताई. मेसेज आला की आधी मला फोन करतात, मग उठतात.

गंगावेस_११ (मंगळवार, संध्याकाळी ६:०५)

यावरून किटलीच्या मूळ घोटाळ्याकडे बघा. त्याच्या फाईलीत बॉडरेट रिकामा नव्हता, ९६०० हा डिफॉल्ट होता. बहुतेक काट्यांना चालतो म्हणून ठेवलेला. आणि ज्या गावात चालत नाही तिथं गुपचूप चुकला. माझं म्हणणं, जी गोष्ट गावाच्या हार्डवेअरवर ठरते तिला डिफॉल्ट असूच नये. पावतीच्या कागदाची रुंदी, वेब पानाचा पोर्ट, यांना असू दे. बॉडरेट भरला नसेल तर ॲपने सुरूच होऊ नये.

शिरोली_एमआयडीसी (मंगळवार, संध्याकाळी ६:४०)

आणि पहाटे पावणेसहाला ॲप सुरूच झालं नाही तर? सचिव वहीच काढणार. रेघोट्या छापल्या काय आणि बंद पडलं काय, रांगेतल्या माणसाला सारखंच.

गंगावेस_११ (मंगळवार, संध्याकाळी ६:५५)

सारखं नाही दादा. रेघोट्या दिसल्या म्हणून कळलं. वजन दहा-वीस ग्रॅमने चुकीचं छापलं असतं तर कुणाला कळलं असतं? तिथं पैसे आहेत, आणि पैशापेक्षा संस्थेवरचा विश्वास आहे. पण वेळेचा तुमचा मुद्दा खरा. तपासणी पहाटे नको, अपडेटच्या वेळी हवी. नव्या फाईली बाजूच्या फोल्डरमध्ये बनवायच्या, एनजिनएक्सची टेस्ट चालवायची, काट्यावरून एक वजन वाचून बघायचं. सगळं ठीक असेल तरच जुन्याच्या जागी नवं. नसेल तर जुनंच चालू राहू दे आणि ऑफिसला मेसेज जाऊ दे.

सर्व्हरवाली (मंगळवार, संध्याकाळी ७:१८)

त्यात एक अडचण येईल, आधीच सांगते. कंटेनरला एकच फाईल माउंट केली (बाहेरून जोडून दिली) असेल आणि तुम्ही बाहेर नवी फाईल मूव्ह करून तिच्या जागी ठेवली, तर कंटेनर जुनीच फाईल बघत राहतो. माउंट त्या जुन्या आयनोडला, म्हणजे डिस्कवरच्या मूळ फाईलीला, धरून असतं. अख्खं फोल्डर माउंट करा.

डॉकरमधल्या आणखी काही गोष्टी इथं हमखास चुकतात.

कंपोजच्या शेजारी ठेवलेली एन्व्ह फाईल ही कंपोज फाईलीतल्या रिकाम्या जागा भरायला असते, ती आपोआप कंटेनरच्या आत जात नाही. आत पाठवायची तर एन्व्ह-फाईल किंवा एन्व्हायर्नमेंट या खाली लिहावी लागते. किंमत बदलून कंपोज रीस्टार्ट केलं तर जुनीच राहते. अप करावं लागतं, म्हणजे कंटेनर नव्याने बनतो. कंपोज फाईलीत खरंच डॉलर हवा असेल तर तो दोनदा लिहायचा.

पोस्टग्रेसचा पासवर्ड व्हेरिएबल फक्त पहिल्यांदा, डेटा फोल्डर रिकामं असतानाच वाचला जातो. नंतर एन्व्ह फाईलीत कितीही बदला, डेटाबेसमध्ये जुनाच पासवर्ड राहतो आणि ॲप नवा घेऊन दार ठोठावत बसतं. आणि पासवर्ड शक्यतो व्हेरिएबलमध्ये ठेवूच नका, डॉकर इन्स्पेक्ट केलं की उघडा दिसतो. पोस्टग्रेसच्या इमेजमध्ये त्याच नावापुढे अंडरस्कोर फाईल जोडून फाईलीचा रस्ता देता येतो.

कागलचा_पोरगा (मंगळवार, रात्री ९:३०)

मी एमसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थोडा बाळबोध प्रश्न: हे सगळं फाईलीत न ठेवता एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवायची पद्धत आली कुठून?

उत्तरेश्वर_पेठ (मंगळवार, रात्री १०:१०)

बाळबोध अजिबात नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली आले. प्रोसेसने दुसरी प्रोसेस सुरू केली की नावं आणि किमती वारशाने पुढं जातात, एवढीच कल्पना. कॉन्फिग तिथं ठेवायचा आग्रह मात्र २०११ च्या आसपास हेरोकू या क्लाउड कंपनीच्या लोकांनी, ॲडम विगिन्स यांनी, बारा नियमांच्या रूपात मांडला. त्यातला तिसरा नियम कॉन्फिगचा. त्यांची कसोटी मला फार आवडते: तुमचा कोड या क्षणी जगासमोर उघडा केला तर एखादा पासवर्ड बाहेर पडेल का? पडणार असेल तर कॉन्फिग अजून कोडमध्येच अडकलंय. डॉकर २०१३ ला आलं आणि ही पद्धत घरोघरी पोचली.

किटली_राजारामपुरी (बुधवार, सकाळी ८:५०)

किती लिहिलंत सगळ्यांनी! ऑफिसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. आणखी एक विचारतो. दरपत्रकही व्हेरिएबलमध्ये टाकू का? म्हशीचं वेगळं, गायीचं वेगळं, फॅटच्या प्रत्येक पॉइंटला दर.

शिरोली_एमआयडीसी (बुधवार, सकाळी ९:०४)

नको, नको, नको. एन्व्हायर्नमेंट म्हणजे एका ओळीत एक नाव आणि एक किंमत. तिच्यात तक्ता कोंबला की तो वाचणारा माणूस मरतो. दरपत्रक हा डेटा आहे, लागू तारखेसकट डेटाबेसमध्ये ठेवा. मागच्या दहा दिवसांचं बिल पुन्हा काढायची वेळ आली तर जुना दर तिथंच मिळेल.

गंगावेस_११ (बुधवार, सकाळी ९:११)

शिरोलीदादांशी शंभर टक्के सहमत. धाग्यात पहिल्यांदाच!

हुपरीकर (बुधवार, सकाळी ११:२५)

काट्याच्या पोर्टबद्दल कुणी बोललं नाही. टीटीवाय-यूएसबी-शून्य असं लिहू नका. लाइट जाऊन आली की काटा आणि फॅट मशीन यांचे नंबर आपसात बदलू शकतात. डेव्ह फोल्डरात सीरियल, त्यात बाय-आयडी आहे, तिथलं नाव द्या. ते उपकरणाच्या ओळखीवरून पडतं.

आणि गावातला माणूस एन्व्ह फाईल विंडोजच्या लॅपटॉपवर बदलून पेनड्राइव्हने आणत असेल तर सांभाळा. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न येतं. स्क्रिप्टने ती फाईल बॅशमध्ये सोर्स केली की ते किमतीला चिकटतं. माझ्याकडे लॉगमध्ये पोर्टचं नाव अक्षरन् अक्षर बरोबर दिसत होतं आणि खाली "असं उपकरण नाही". कॅटला मोठा ए लावून फाईल बघितली तेव्हा ओळीच्या टोकाला टोपीवाला एम दिसला.

किटली_राजारामपुरी (पुढचा सोमवार, रात्री ८:१५)

परत आलो. तीन गावांत नवी पद्धत चालू केली, भुदरगडातलं ते गावही त्यात आहे.

प्रत्येक गावाची एकच एन्व्ह फाईल, आमच्या अपडेटच्या फोल्डरबाहेर, तिला स्क्रिप्ट कधीच हात लावत नाही. सगळ्या नावांना एकच उपसर्ग. बॉडरेट, काट्याचा पोर्ट, फॅट मशीनचा पोर्ट आणि संस्थेचं नाव यांना डिफॉल्ट नाही. पासवर्ड फाईलीत. दरपत्रक डेटाबेसमध्ये. फाईल वाचण्याआधी स्क्रिप्ट कॅरेज रिटर्न काढून टाकते, मग तपासणी, मग यादी देऊन एन्व्हसब्स्ट, बाजूच्या फोल्डरमध्ये टेस्ट, आणि मगच अदलाबदल. अपडेटची वेळ रात्रीवरून दुपारी दोनवर आणली, दोन्ही संकलनांच्या मधे. शिरोलीदादा, ॲपला तुमची स्थानिक ओव्हरराइड फाईलही दिली, पण ती फक्त आमच्या ऑफिससाठी.

पहिल्याच दिवशी एका गावात तपासणी अडली. संस्थेच्या नावातच अवतरण चिन्हं होती, त्यामुळे यामल फाईल मोडली. जुनं चालू राहिलं, संध्याकाळचं संकलन बिनघोर झालं. ते नाव आता पायथॉनने जेसन पद्धतीने, म्हणजे आतल्या अवतरणांपुढे उलटी रेघ टाकून, गुंडाळून भरतो.

तयार होणाऱ्या प्रत्येक फाईलीच्या डोक्यावर आता मराठीत लिहून येतं: "ही फाईल आपोआप बनते. इथं बदल करू नका, पुसला जाईल. बदल करायची फाईल अमुक ठिकाणी आहे." आमच्या जागेवर जाणाऱ्या पोराचा काल फोन आला, "दादा, फाईल उघडली तर ती मलाच बोलायली. सांगितलेल्या ठिकाणी बदल केला, चालतंय."

माळावरची_शाळा (पुढचा सोमवार, रात्री ८:४०)

भुदरगडच्या सचिवांचं काय?

किटली_राजारामपुरी (पुढचा सोमवार, रात्री ८:५२)

आज सकाळी पावतीचा फोटो पाठवलाय. म्हैस, ४.२ लिटर, फॅट ७.१. वर संस्थेचं नाव, त्याखाली फोन नंबर, एसटीडी कोडातल्या शून्यासकट.

उत्तरेश्वर_पेठ (पुढचा सोमवार, रात्री ८:५५)

अवतरणात आहे ना?

किटली_राजारामपुरी (पुढचा सोमवार, रात्री ८:५६)

आहे दादा.